कूपमंडूकाची समुद्रयात्रा

"काका, तुम्ही श्वास नुसता घेता. सोडतच नाही. फुटाल ना अशानं!"

हे वाक्य मला एका बारा वर्षांच्या मुलीने ऐकवले. स्थळ, नाशिकचा सावरकर जलतरण तलाव. वेळ, पहाटे सहाची. श्रोता, म्हणजे अस्मादिक, एम. ए., मराठीचा व्याख्याता, दोन तपे पोरांना बोलायला शिकवण्यात घालवलेला. एवढे बोलून ती मुलगी मासोळीसारखी सुळकन निघून गेली. मी काठाला धरून उभा राहिलो आणि विचार करू लागलो, की खरेच, पन्नास मिनिटांचा तास घेताना मी श्वास सोडतो तरी केव्हा?

एरवी या पानावर मी वाचकांना शब्दांच्या आणि माणसांच्या गमती सांगतो. कॉलेज, ग्रंथालय, कॉलेज रोडवरचा चहा आणि आमचे घर या चतुःसीमेबाहेर हे सदर सहसा पाऊल टाकीत नाही. दिवाळी अंकात जागा सढळ असते, म्हणून या खेपेला जरा लांबची हकीकत सांगतो. ती पराभवाची आहे, हेही आताच सांगून ठेवतो. ऐन सणात कोणाचा विरस व्हायला नको.

ट्रायथलॉन नावाचा एक खेळ आहे. आधी पोहायचे, पाण्यातून निघून सायकलवर बसायचे, आणि सायकलवरून उतरून धावत सुटायचे. तिन्ही मिळून शर्यत एकच. मधे बूट चढवायला लागणारा वेळसुद्धा हिशेबात धरतात. याला मराठी प्रतिशब्द काय, असे मला आमच्या स्टाफरूममध्ये विचारण्यात आले. मी म्हटले, त्रिस्थळी यात्रा! पूर्वी माणसे काशी, प्रयाग आणि गया या तीन ठिकाणी जात, आणि निघताना घरादाराची निरवानिरव करून निघत. प्रतिशब्द स्टाफरूमला आवडला. आमच्या सौभाग्यवतींना मुळीच आवडला नाही. का, ते पुढे येईल.

हा खेळ काही फार पुरातन नव्हे. १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या धावपटूंनी गंमत म्हणून तो सुरू केला. त्याला उग्र रूप दिले ते हवाई बेटांवरच्या जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने. पोहणारा श्रेष्ठ, सायकलवाला श्रेष्ठ, की धावणारा, असा वाद निघाला. आपल्याकडे असे वाद चहाबरोबर निघतात आणि चहाबरोबर संपतात. या गृहस्थाने मात्र तिथल्या तीन निरनिराळ्या अंतरांची एकच माळ ओवली : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटरची पुरी मॅरेथॉन. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण त्यात उतरले, बारा जण शेवटाला पोहोचले. दुसरा आलेल्या गड्याजवळचे पाणी वाटेत संपले, तेव्हा त्याच्या मदतनिसांनी त्याला बिअर पाजली म्हणतात. त्याचा पहिला नंबर कशाने हुकला असेल, यावर निबंध लिहायला हरकत नाही!

ही ती 'आयर्नमॅन'. सर्वसाधारणपणे सतरा तासांत ती पुरी करावी लागते. हिच्या बरोबर निम्म्या अंतराची एक धाकटी बहीण आहे. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धाव, मुदत साडेआठ तास. २०१९ साली ती गोव्यात प्रथम भरली, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर. मी उतरलो तो या अर्धीत. कॉलेज रोडच्या भाषेत सांगायचे तर 'कटिंग'मध्ये.

आता तुम्ही विचाराल, की प्राध्यापकाला हे डोहाळे कुठून लागले? त्याला नाशिकची हवा थोडी कारण आहे. २०१५ साली आमच्या गावच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या दोन डॉक्टर बंधूंनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत जोडीने पुरी केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर, ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत. ती पुरी करणारे हे पहिले भारतीय. एक भूल देणारे, दुसरे दातांचे. दोघेही चाळिशीच्या आसपासचे, दवाखाने सांभाळून सायकल चालवणारे. २०१७ साली नाशकातच नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तेच अंतर एकट्याने, बारा दिवसांच्या आत कापले. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, आमचे तेव्हाचे पोलीस आयुक्त रवींद्र सिंगल पन्नाशी ओलांडल्यावर फ्रान्समध्ये जाऊन अख्खी आयर्नमॅन पुरी करून आले. एवढे झाल्यावर गंगापूर रोडला पहाटे सायकलींची रांग लागली नसती तरच नवल. ज्याच्या त्याच्या पोटऱ्या दिसू लागल्या. दुधवाले आणि पेपरवाले, ज्यांनी आजवर खरी सायकल चालवली, ते या रंगीबेरंगी मंडळींकडे जरा दयेने पाहत.

लोक विचारीत तेव्हा मी वजनाचे कारण सांगत असे. ते खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते.

माझे वडील गोदावरीत वाढलेले. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की नाशिककर पूर बघायला निघतात. वडील त्यांच्या तरुणपणी होळकर पुलावरून त्या पुरात उडी टाकणाऱ्यांपैकी होते. मला त्यांनीच पोहायला शिकवले, पाठीला सुका भोपळा बांधून. एके दिवशी मी हात मारण्यात गर्क असताना त्यांनी भोपळ्याची दोरी हळूच सोडली. तो भोपळा माझ्यापुढे तरंगत गेला तेव्हा मला कळले, की मी पोहतो आहे. असा माणूस वयाच्या ५१व्या वर्षी, हातात वर्तमानपत्र असताना, खुर्चीतल्या खुर्चीत गेला. हृदयविकार. त्याआधी कधी छातीला हात लावल्याचे कोणाला आठवत नाही. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. त्यानंतर मी नदीत उतरलो नाही. नदीचा त्यात काय दोष? पण नाही उतरलो.

पंचेचाळीस उलटली तेव्हा ५१ हा आकडा मला दिसू लागला. रस्त्यावरून चालताना दूरचा मैलाचा दगड दिसावा तसा. त्याच्याकडे चालत जावे की पोहत, सायकलवर आणि धावत जावे, एवढाच काय तो प्रश्न होता.

माझा एक जुना विद्यार्थी हा खेळ शिकवतो. वर्गात मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहत असे. आता कळते, तो काय पाहत होता. तो मला अजून 'सर' म्हणतो, पण त्या 'सर'ला काही अर्थ उरलेला नाही. "सर, पाय मारताय की चहा ढवळताय?" असे तो सर्वांसमक्ष विचारतो. त्याने पहिल्याच दिवशी सांगितले, "तरुण पोरांना मी 'आणखी करा' म्हणतो. तुम्हाला 'आता पुरे' म्हणणार आहे. तेच तुम्हाला जड जाईल." तसेच झाले. तिशीनंतर स्नायू हळूहळू झडू लागतात, हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा वर्षाला सुमारे एक ठोका खाली येते, आणि मुख्य म्हणजे शिणलेले शरीर भरून यायला वेळ लागतो. विशीतला पोरगा रविवारी शंभर किलोमीटर सायकल हाणून सोमवारी पुन्हा हजर. मी सोमवारी वर्गात फळ्याला टेकून तास घ्यायचो. म्हणून आठवड्यातून दोन दिवस वजने उचलायची, आणि एक दिवस काहीही करायचे नाही. या काहीही न करण्याच्या दिवशी मी सर्वांत जास्त चिडचिडा असतो, असे घरच्यांचे मत आहे.

एक मौज मात्र आहे. या खेळात पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात, आणि त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला असेल ते वय धरतात. त्यामुळे पन्नाशी लागण्याची आतुरतेने वाट पाहणारी माणसे मी इथे प्रथम पाहिली. नव्या गटात आपण सर्वांत कोवळे! सेवाज्येष्ठतेच्या यादीवर आयुष्य काढलेल्या आम्हा नोकरदारांना हे उलटे गणित फार सुखाचे वाटते.

आईला यातले फारसे नवल वाटले नाही. तिने श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी कितीदा तरी केली आहे. रात्रभर, पावसात, चिखलातून, वीसेक किलोमीटर. तिच्याबरोबर साठी-सत्तरीच्या बाया अनवाणी चालत. "तुमच्या त्या शर्यतीत शेवटी काय देतात रे?" तिने विचारले. मी म्हटले, पदक. "आणि वेळेत नाही पोचलं तर?" मी म्हटले, काढून टाकतात. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्यात उशिरा पोचलं तर देव झोपत नाही बाई."

खरी अडचण आमच्या सौभाग्यवतींची होती. ती शाळेत गणित शिकवते. तिला भावनेने पटवता येत नाही, आणि आकड्यांनी पटवायला गेले तर आकडे तिच्याकडेच जास्त असतात. आमच्या बारावीतल्या कन्येने एके रात्री तिला एक कागद काढून दिला. अमेरिकेत १९८५ पासून २०१६ पर्यंत या शर्यतींत जे मृत्यू झाले आणि हृदये बंद पडली, त्यांचा कोणी डॉक्टरांनी अभ्यास केला आहे. एकूण १३५ प्रकरणे. त्यांतली ९० पोहताना. शंभरात पंच्याऐंशी पुरुष. आणि सरासरी वय ४६.७.

"सेहेचाळीस पूर्णांक सात," ती म्हणाली.

"मी सत्तेचाळीसचा आहे. म्हणजे सरासरी ओलांडली," मी म्हटले.

"सरासरी म्हणजे काय ते मला शिकवू नका."

मी तिला त्याच कागदातला दुसरा आकडा दाखवला. लाख स्पर्धकांमागे हे प्रमाण दोनाहूनही कमी, १.७४ होते. तिने तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "लाखातले ते दोन कोणाच्या तरी घरचेच होते ना? आणि तुमच्या वडिलांचं त्या लाखात धरलंय का कोणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. वीस वर्षांच्या संसारात ती माझ्या वडिलांविषयी चार-पाचदाच बोलली असेल. माझा मैलाचा दगड तिलाही दिसत होता तर!

शेवटी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीला तारा लावून मला फिरत्या पट्ट्यावर पळवले, हृदयाचे चित्र काढले, रक्त तपासले, आणि सारे ठीक आहे म्हणून सांगितले. तरी तिने विचारलेच, की पोहतानाच का? सायकलवरून पडून का नाही? डॉक्टर म्हणाले, निश्चित कोणी सांगू शकत नाही. पण शर्यतीच्या आरंभी माणूस उत्तेजित असतो, भोवती गर्दी, लाथा बसतात, श्वास कोंडतो, आणि तोंडावर पाणी आले की शरीर आपोआप हृदयाला 'हळू' म्हणते. एकीकडून 'पळ' आणि दुसरीकडून 'थांब' असे दोन हुकूम एकदम सुटतात. निरोगी हृदय ते निभावून नेते. आत कुठे लपलेला दोष असला तर मात्र पंचाईत. आणि पाण्यात थांबून बसायला जागा नसते.

हे शेवटचे वाक्य तिने नेमके उचलले. घरी आल्यावर तिने अट घातली. पोहताना छातीत, श्वासात, कुठेही काहीही वेगळे वाटले तर तत्क्षणी हात वर करायचा. मिनिटांचा हिशेब करायचा नाही. "शपथ घ्या," ती म्हणाली. शपथ कशावर घ्यायची याची थोडी चर्चा झाली. अखेर कन्येच्या बारावीच्या परीक्षेवर घेतली.

त्या दिवसापासून तिने एकदाही विरोध केला नाही. पहाटे साडेचारला उठून तीच कणीक मळी. मी त्र्यंबक रोडला अंजनेरीपर्यंत सायकल हाणून येईस्तोवर तिचे शाळेत जायचे झालेले असे. रविवारची सकाळ, जी वीस वर्षे आम्ही दोघांनी पोहे आणि पुरवण्यांवर काढली, ती शर्यतीने खाल्ली. या खेळाची किंमत सायकलीच्या किमतीत सांगतात. ती सायकल महाग असतेच, मी सेकंडहँड घेतली. पण उरलेली किंमत घरच्या माणसांच्या खात्यावर पडते, आणि तिची पावती कोणी देत नाही.

तलावात श्वास सोडायला शिकलो. लांबवर पोहायला लागलो. तरी विद्यार्थी म्हणाला, "सर, तलावात तळाची रेघ दिसते. उघड्या पाण्यात काही दिसत नाही. सवय करा." आता नाशकात समुद्र कुठून आणायचा? गिरणाऱ्याकडे एका स्नेह्याची मोठी विहीर आहे. तिच्यात मी उतरलो. गोल गोल, तासन्‌तास. पाणी काळे, वर आभाळाचे ताट, कपारीत पारव्यांचा संसार. दमलो की मी लहानपणीच्या बेडकीच्या हातावर येत असे. एकदा वर पाहतो तो स्नेह्यांची नात काठावरून वाकून पाहत होती. तिने ओरडून विचारले, "आजोबा, हा कोण?" आणि आजोबा म्हणाले, "समुद्र पोहायला चाललेत." संस्कृतात 'कूपमंडूक' हा शब्द ज्याने घडवला, त्याने बहुधा मलाच डोळ्यांपुढे ठेवले असावे.

शर्यत २७ ऑक्टोबर २०२४ च्या रविवारी होती. दुसऱ्या दिवशी वसुबारस. ऐन दिवाळीच्या तोंडावर गृहिणीला घराबाहेर काढणे म्हणजे काय, हे वाचकांतल्या भगिनींना सांगायला नको. भाजणी दळून तशीच ठेवून, सायकल मोटारीच्या पाठीला बांधून आम्ही पणजी गाठली. वाटेत ती फराळाची यादी लिहीत होती.

मिरामारचा समुद्र तुम्ही पाहिला असेल. सहलीला गेले की तो शांत, सोज्ज्वळ वाटतो. पहाटे, टोपी-चष्मा लावलेल्या शेकडो माणसांच्या रांगेत उभे राहून पाहिला की तोच समुद्र वेगळा दिसतो. पाणी कोमट असल्याने अंगाला रबरी पोशाख घालायची मुभा नव्हती. तो पोशाख माणसाला थोडा तरंगवतो, पाठीच्या भोपळ्यासारखा. घोट्याला वेळ मोजणारी चकती बांधली. काही काही जणांना मागोमाग सोडतात आणि पाण्यात शिरल्या क्षणापासून ज्याची त्याची वेळ मोजतात. पोहण्याला मुदत १ तास १० मिनिटे. विहिरीत मी हे अंतर पासष्ट मिनिटांत कापत असे. म्हणजे हाताशी पाच मिनिटे.

विहिरीला लाटा नसतात, हे मला समुद्रात गेल्यावर कळले! पहिल्या दोनशे मीटरमध्ये कोणाचा तरी पाय माझ्या चष्म्यावर बसला. पाणी खारट असते हे भूगोलात वाचलेले होते, ते आता घशात गेले. श्वास घ्यायला मान वळवावी तो नेमकी लाट. दोनदा तसे झाले, तिसऱ्यांदा छातीत काहीतरी घट्ट झाले. आवळल्यासारखे. ते भीतीचे होते की आणखी कशाचे, हे त्या वेळी ठरवता येत नाही. आजही सांगता येणार नाही. मी काठाकडे पाहिले, तो काठ नव्हता. लाटेच्या पलीकडे होता. आणि मला खुर्चीतले वडील दिसले. एरवी ते मला नदीत दिसतात, त्या दिवशी खुर्चीत दिसले.

मनात हिशेब सुरू झाला. थांबलो तर इतकी मिनिटे जातील, नाही थांबलो तर... आणि मग आठवले, की हिशेब करायचा नाही अशी शपथ आहे.

मी हात वर केला.

छोट्या होडक्यातला पोरगा वल्हे मारीत आला. "पकडा अंकल, आरामात." नियम असा, की होडी धरून विसावा घेता येतो, तिने पुढे ओढून न्यायचे नाही. मी धरून राहिलो. त्याने विचारले, बाहेर यायचंय का? मी म्हटले, थांब जरा. श्वास सोडला. त्या बारा वर्षांच्या मुलीने सांगितल्याप्रमाणे, घेण्याआधी पुरता सोडला. असे किती तरी श्वास झाले. घट्टपणा सैल झाला, हातांना मुंग्या येत होत्या त्या गेल्या. मग मी त्या पोराचे आभार मानून होडी सोडली आणि उरलेले अंतर, लाज न बाळगता, बऱ्याचदा बेडकीच्या हातावर, पोहून काढले.

पायाला वाळू लागली तेव्हा मला वाटले, जिंकलो. घड्याळाने १ तास १२ मिनिटे दाखवली.

माझ्या कन्येच्या वयाची एक स्वयंसेविका पुढे आली. "सॉरी अंकल," म्हणत तिने वाकून माझ्या घोट्याची चकती सोडवली. वास्तविक ती मलाच सोडवायला हवी होती, पण मी वाकू शकत नव्हतो. सायकल तिकडे फळीला टांगून राहिली, टायरात हवा भरलेली, नळ्यांत साखरपाणी भरलेले.

वाळूत बसलो आणि मला एका जपानी म्हाताऱ्याची आठवण झाली. हिरोमु इनादा हे त्यांचे नाव. आजारी पत्नीची शुश्रूषा करता यावी म्हणून त्यांनी साठीत नोकरी सोडली. पोहायला लागले ते तेव्हा. पहिली ट्रायथलॉन सत्तरीच्या उंबरठ्यावर केली. २०१५ साली, वयाच्या ८२व्या वर्षी, ते हवाईच्या त्या मूळ शर्यतीत उतरले. सतरा तासांची मुदत. शेवटची रेघ डोळ्यांपुढे असताना त्यांचा तोल गेला, पडले, उठले, पुन्हा निघाले, आणि रेघ ओलांडली तेव्हा मुदत संपून पाच सेकंद झाले होते. पाच! ही गोष्ट वाचली तेव्हा मी तो पाच सेकंदांचा अन्याय मित्रांना रंगवून सांगितला होता. वाळूत बसल्यावर मला तो अन्याय वाटेना. मुदत म्हणजे मुदत. त्यांनी तक्रार केली नाही, ते पुढच्या वर्षी पुन्हा गेले आणि वेळेत आले. २०१८ साली, ८५ वर्षांचे असताना, तीच शर्यत त्यांनी मुदतीच्या सहा मिनिटे आत संपवली. हे सारे ठीक. पण त्या पाच सेकंदांच्या रात्री ते काय जेवले असतील, असा प्रश्न मला पडला. मला फार भूक लागली होती.

सौभाग्यवती टॉवेल घेऊन आली. काठावरून तिला टोप्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या. वर आलेला हात तिला दिसला होता की नाही, हे मी विचारले नाही. मी म्हटले, "दोन मिनिटं."

"कळलं," ती म्हणाली, आणि माझे डोके पुसू लागली. लहान मुलाचे पुसतात तसे, जरा जोरात.

मला हॉटेलात जाऊन पांघरूण ओढून पडायचे होते. तिला मात्र शर्यत बघायची होती. "एवढं लांब आलोय," ती म्हणाली. म्हणून आम्ही आंघोळ-जेवण उरकून परत आलो आणि शेवटच्या रेघेजवळ कठड्याला टेकून उभे राहिलो. दुपार झाली, ऊन असह्य होते. पहिले आलेले केव्हाच घरी गेले होते. आता येत होते ते मागचे. थोराड, पोट सुटलेले, पिकल्या केसांचे, एक बाई लंगडत. साडेआठ तासांची मुदत संपत आली तशी आमच्या बाईसाहेबांनी मनगटावरचे घड्याळ सरळ केले. दूर वळणावर एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ दिसले. चालत होते.

"चारशे मीटर असेल," ती म्हणाली. "चार मिनिटं आहेत. चालत गेले तर नाही होणार. धावले तर होईल." आणि मग, जिने आयुष्यात शाळेच्या मैदानाबाहेर कधी आवाज चढवला नाही, ती कठड्यावर वाकून ओरडली, "धावा हो काका! धावा! चालू नका!"

काका कोणत्या गावचे होते, त्यांना मराठी कळत होते की नाही, देव जाणे. पण ते धावले. पाऊण मिनिट राखून आत आले. तिने टाळ्या वाजवल्या, तळहात लाल होईपर्यंत. शेजारच्या माणसांना ती सांगत होती, "बघा, मी म्हटलं होतं, धावले तर होईल."

सोमवारी परत निघालो. घाटात मोटार थांबवून चहा घेतला. वसुबारस होती, टपरीवाल्याने गाईला घास दिलेला दिसत होता. ती पुन्हा यादी काढून बसली. साखर, पोहे, खोबरे, तेल. घरी गेल्यावर चकल्या मलाच पाडायच्या होत्या, सोऱ्या दाबायला माझे दंड आता मजबूत झाले आहेत असा तिचा दावा होता. मधेच तिने मान वर न करता विचारले, "त्या होडीला किती वेळ धरून होतात?"

"चारेक मिनिटं असतील," मी म्हटले. "का?"

ती काही बोलली नाही. चहाचे पैसे देऊन मी परत आलो तेव्हा यादीचा कागद सीटवर पडला होता. खाली, तेलाच्या पुढे, तिच्या शाळेतल्या सुबक अक्षरात लिहिले होते : ७२ − ४ = ६८.